बिझनेस प्लॅनचं पहिलं पान: रोज किती प्लेट?

पीएमईजीपी कर्जासाठीचा प्रोजेक्ट रिपोर्ट दुसऱ्याकडून करून घेता येतो. पण त्याआधी एक पान स्वतःच्या हाताने लिहा.

समजा, तुम्हाला पोह्यांचं सेंटर टाकायचंय. महिन्याचा ठरलेला खर्च धरा: भाडं 8,000, मदतनीस 10,000, लाईट बिल 2,000, कर्जाचा हप्ता 4,000. एकूण 24,000 रुपये. प्लेट विकणार 30 रुपयांना. पोहे, तेल, गॅस, कागद धरून खर्च 18. म्हणजे प्लेटमागे सुटतात 12 रुपये. 24,000 भागिले 12, झाल्या 2,000 प्लेट. महिन्यात 25 दिवस दुकान उघडलं, तर रोज 80.

पण यात तुमचा पगार कुठंय? घरखर्चाला 12,000 धरा, आकडा होतो रोज 120. म्हणजे 80 प्लेटमध्ये फक्त दुकान चालेल, घर नाही.

सबसिडीही हिशोबात धरू नका. ती लगेच हातात येत नाही, 3 वर्षं बँकेत मुदत ठेवीत राहते.

आता ठरवलेल्या जागी आठवडाभर सकाळी उभे राहा. शेजारच्या गाडीवर किती प्लेट जातात, मोजा. 120 अवघड वाटत असेल तर जागा, भाव किंवा मेनू आत्ताच बदला. डिपॉझिट भरल्यावर हेच बदल महागात पडतात.