उपटण्याआधी फूल पाहा

छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीतल्या आमच्या अंगणात पावसाळ्यात न लावलेली रोपं उगवतात, ती बहुतेक शेणखतातून, नाहीतर भरावाच्या मुरमातून आलेली. एकदांडी, आघाडा, गाजरगवत लगेच ओळखू येतं. यंदा कढीपत्त्याच्या आळ्यात आलेलं रोप मात्र अनोळखी निघालं. खालच्या पानांना देठाच्या टोकाशी पाच पर्णिका, वरच्यांना तीन. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अंबाडी दिसतीय." त्यांच्या मुलाला गांजाची शंका आली. दोन्ही शंका पानानेच मिटवल्या. अंबाडीचं पान खोल कापलेलं असलं तरी एकसंध असतं, आणि गांजाच्या पर्णिकांच्या कडा दातेरी असतात. इथे पर्णिका सुट्या, कडा सरळ.

मोबाईलवर नुसत्या पानाचा फोटो टाकला की दरवेळी वेगळं नाव येतं. म्हणून खोड बोटांनी चोळून पाहिलं. बोटं चिकट झाली, वास उग्र आला. भिंग लावल्यावर दिसलं की प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट थेंब आहे आणि त्यात धूळ आणि चिलटं अडकली आहेत. तिळवणच असणार, हे तेव्हा पटलं. पण आपल्याकडे तिळवण दोन प्रकारची असते, पिवळी आणि पांढरी, आणि कोवळेपणी दोन्ही सारख्याच दिसतात. त्यामुळे फुलाची वाट पाहणं भाग होतं.

फूल उमललं ते पिवळं. पाकळ्या चार, चारही वरच्या अंगाला कललेल्या, त्यामुळे फुलाची खालची बाजू मोकळी. पुंकेसर पुष्कळ, सहाच्या कितीतरी पुढे, आणि सगळे फुलाच्या तळातूनच निघालेले. पांढऱ्या तिळवणीत पुंकेसर सहाच असतात; फुलाच्या मधोमध एक उभी दांडी वर येते आणि ते तिच्यावर, पाकळ्यांपासून बरेच उंच बसतात. रंग उडालेलं फूलसुद्धा एवढ्यावरून ओळखता येतं. पुढे शेंगही साक्ष देते: पिवळीची शेंग मुगाच्या शेंगेसारखी बारीक, उभी, चिकट आणि बिनदेठाची. पांढरीच्या शेंगेला लांब देठ असतो.

म्हणजे ही क्लिओमी व्हिस्कोसा. लिनियसने 1753 साली नोंदवलेली.

या भागातली वनस्पती ताडून पाहायची तर प्रा. व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हाती असावा. 1998 साली याच शहरातून दोन खंडांत तो निघाला. थिओडोर कुक यांचा 1901 ते 1908 मधला ग्रंथ मुंबई इलाख्याचा. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तो त्या ग्रंथाच्या कक्षेबाहेरच राहिला. म्हणून नाईक सरांच्या कामाचं मोल मला फार वाटतं.

तुमच्या अंगणात असं काही उगवलं तर उपटायची घाई करू नका. फूल आणि शेंग दोन्ही असलेली फांदी वर्तमानपत्रात पसरून वजनाखाली दाबा, कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. फुलाचा रंग आणि वास वाळल्यावर जातो, म्हणून तो तेव्हाच लिहून ठेवा. सोबत तारीख आणि जागा. मग ती फांदी जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा.