डोलकाठी उतरते तेव्हा

पावसाळा तोंडावर आला की आपण शहरातली माणसे माळ्यावरच्या छत्र्या शोधू लागतो. कोकणच्या किनाऱ्यावर शिडाचे मचवे चालत होते त्या काळी, याच सुमारास डोलकाठ्या उतरविल्या जात. लहानपणी आजोळी मी हा सोहळा पाहिला आहे. दर्या खवळणार म्हणूनच हे करतात, अशी माझी समजूत. म्हातारा तांडेल हसला. "दर्या काठीला खात नाय, पोरा. तिला खातो तो पाऊस!"

ऐकायला उलटे वाटते, पण खरे आहे. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला खारे पाणी मानवत नाही. गोडे पाणी मात्र तिला हवेच असते. पाऊस काठीवरून ओघळतो, बुंधा ज्या खाचेत बसविलेला असतो तेथे साचतो, लोखंडी कड्यांखाली मुरतो. आपल्या खिडकीची चौकट नेहमी तळाशीच का कुजते, ते आठवा! आणि काठी जागेवर उभी असेपर्यंत तो बुंधा कुणाला दिसतच नाही.

आधी शीड आणि परभाण, म्हणजे शिडाचा तिरपा वासा, खाली येई. मग दोन वाशांची कैची उभारून तिला कप्पी बांधीत. दोर काठीच्या मध्याच्या बराच वर बांधायचा. खाली बांधला तर शेंडा जड होऊन काठी उलटते, आणि खालच्या माणसांची धडगत राहत नाही. पाचरी निघाल्या, काठी हळूच वर आली. रिकाम्या खाचेत मी डोकावलो. काही नव्हते. पण १९६२ साली लंडनला थेम्स नदीत रोमन काळचे गलबत सापडले, त्याच्या खाचेत बादशहा डोमिशियनचे नाणे निघाले. त्यावर सुकाणू धरलेली भाग्यदेवता होती!

आडव्या काठीवर तांडेल मोगरीने ठोकीत चालला. खण्, खण्... बुंध्यापासून हातभरावर आवाज बद्द आला.

"अहो, रंग तर नवाकोरा आहे!" मालक म्हणाले.

तांडेलाने आरी टोचली. ती लोण्यात शिरावी तशी आत गेली. त्या रंगानेच ओल आत कोंडली होती. उभ्या भेगांना म्हातारा भीत नसे. लाकूड वाळले की त्या पडायच्याच. आडवी चीर आणि बद्द आवाज, ही खरी भीती. कुजका बुंधा कापून नवे लाकूड तिरकस सांध्याने जोडायचे ठरले, आणि सांधा काठीच्या जाडीच्या निदान आठपट लांब! मालक खर्चाला कुरकुरले. पण त्यांचा धाकटा भाऊच त्या मचव्यावर खलाशी होता.

मग दोरांची पाळी. काथ्याही गोड्या पाण्यातच लवकर कुजतो. पीळ उकलून आत पाहायचे. भुसा पडला तर दोर बाद. शीड चढविण्याचा दोर टोके बदलून ओवायचा, म्हणजे कप्पीवर घासणारी जागा बदलते.

नारळी पौर्णिमेनंतर काठी पुन्हा उभी राहिली. जवसाच्या तेलाने जोडाची जागा काळसर दिसे. तांडेल येता-जाता तेथे मोगरीचा एक टोला देई, आणि कान लावून क्षणभर थांबे.