वायोमिंगचं भावंड हुबळीत

टिळकवाडीचं तिसरं गेट पडलं की उद्यमबागेत पाळी गाठायला निघालेल्या कामगारांच्या तोंडून शिव्या निघायच्या आणि एखाद्या सायकलच्या दांडीवर बसलेलं पोर मात्र मनातून खूश व्हायचं. ते पोर मी. बाबा कंग्राळीहून अख्खं बेळगाव ओलांडून फाउंड्रीत जायचे, आणि शाळेला सुट्टी असली की हट्ट करून मीही निघायचो. मालगाडी आली की माझी बोटं हलायला लागत.

“काय मोजालास रे?”

“डबे.”

“मोज, मोज. तेवढंच गणित पक्कं होईल.”

अठ्ठावन्न वाघिणी मोजून झाल्या की गेट उघडायचं. गणित काही पक्कं झालं नाही, पण कान पक्के झाले. त्या दिवसांत लोंढा-मिरज मार्गावर दोन जातींची डिझेल इंजिनं यायची. एक जुनं, दमेकऱ्यासारखं. निघताना काळ्या धुराचा लोट सोडणारं, प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येणारं. दुसरं नवं. त्याचा ठोका सुटा ऐकू यायचा नाही, नुसती जाड, सलग घरघर आणि तिच्यावर तरंगणारी बारीक शीळ. नव्याला सगळे ‘जीएम’ म्हणत. जीएम म्हणजे जनरल मोटर्स, हे बाबांना ठाऊक होतं. मोटारीची कंपनी रेल्वेचं इंजिन कशाला करते, हे मात्र आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याची एक चित्रफीत बघत होतो. उघडं माळरान, झाड नाही की घर नाही, आणि क्षितिजापर्यंत गेलेली कोळशाची गाडी. पाहता पाहता डोळे मिटले आणि दचकलो. आवाज तिसऱ्या गेटचा होता.

हा भास नव्हता. भारतीय रेल्वेने 1995 मध्ये जनरल मोटर्सशी तंत्रज्ञानाचा करार केला आणि 1999 मध्ये पहिली इंजिनं देशात आली. रेल्वेने त्यांना नाव दिलं डब्ल्यूडीजी-4. नंतर ती वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली, आणि त्यांचं पहिलं घर झालं आपलं हुबळीचं डिझेल शेड. इंजिनाचं कूळ शोधत गेलं की वाट थेट अमेरिकेच्या पश्चिमेला पोचते. 1993 मध्ये बर्लिंग्टन नॉर्दर्न या रेल्वे कंपनीने वायोमिंगच्या पावडर रिव्हर खोऱ्यातला कोळसा ओढण्यासाठी एसडी-70मॅक नावाची 350 इंजिनं एका दमात मागवली. जुनी पाच इंजिनं जी गाडी ओढत, ती या नव्या तिघांनी ओढायची, असा त्यामागचा हिशेब होता. हुबळीचं इंजिन त्याच पिढीचं, त्याच घराण्याचं. सोळा सिलिंडर, चार हजार अश्वशक्ती, वजन 126 टन.

जास्त वाघिणी ओढायच्या तर नुसती ताकद वाढवून भागत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळाला टेकतं ती जागा जेमतेम नाण्याएवढी. ताकद वाढवली की चाक पुढे जायच्या ऐवजी जागच्या जागी फिरतं. चिखलात अडकलेल्या मोटारसायकलची कुणीही आठवण काढावी. या इंजिनात प्रत्यवर्ती विजेवर चालणाऱ्या मोटरी आहेत, आणि पोटाखाली एक रडार आहे. ते जमिनीवरचा खरा वेग मोजतं. चाकाचा वेग आणि जमिनीचा वेग यांत फरक पडू लागला, म्हणजे चाक घसरू लागलं, की क्षणात मोटरींना वेसण बसते. चाक अगदी घसरण्याच्या काठावर धरून ठेवायचं आणि तिथूनच जास्तीत जास्त ओढ काढायची, ही यातली करामत.

तो सलग आवाजही असाच समजतो. हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. प्रत्येक सिलिंडर प्रत्येक फेऱ्याला पेटतो, म्हणून ठोके एकमेकांत मिसळून जातात. जुन्या इंजिनात टर्बो फिरतो तो फक्त बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर. सुरुवातीला तो जोर कमी, म्हणून हवा अपुरी आणि धूर काळा. जीएममध्ये कमी वेगात टर्बोला दातेरी चाकांनी इंजिनच फिरवतं, आणि पुरेसा जोर आला की तो आपला आपण फिरू लागतो. ती बारीक शीळ म्हणजे त्याचीच.

मोटारीच्या कंपनीचा उलगडाही पश्चिमेतच होतो. 1939 मध्ये जनरल मोटर्सने एफटी नावाचं डिझेल इंजिन देशभर फिरवून दाखवलं. त्याला सर्वांत मनापासून हात दिला तो सांता फे रेल्वेने. कारण साधं होतं, पाणी. ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात वाफेच्या इंजिनाला पाजायला पाणी नव्हतं. ते टाक्यांच्या गाड्या भरून लांबून आणावं लागे. डिझेलला पाणी जवळजवळ लागतच नाही. दुष्काळी भागातल्या माणसाला हे गणित समजावून सांगावं लागत नाही. शिवाय डोंगर उतरताना मोटरींचंच जनित्र करायचं, तयार झालेली वीज छतावरच्या जाळ्यांत उष्णता म्हणून उडवून द्यायची आणि ब्रेक न झिजवता गाडी आवरायची, ही डायनॅमिक ब्रेकची सोयही तिथल्याच उतारांवर मोलाची ठरली.

एवढं समजलं आणि मी लोंढ्याची गाडी धरली. कारण त्या इंजिनाची खरी परीक्षा तिसऱ्या गेटवर होत नाही. ती होते तिनईघाटाच्या पुढे, कॅसलरॉकच्या खाली.

कॅसलरॉक ते कुळे हा ब्रागांझा घाट साधारण 26 किलोमीटरचा. पोर्तुगालच्या राजघराण्याचं नाव लागलेली ही वाट 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून जन्मली आणि 1888 मध्ये मुरगाव बंदर इंग्रजी मुलखाच्या हद्दीला जोडलं गेलं. चढ 37 फुटांना एक. कॅलिफोर्नियातला तेहाचापीचा चढ, जिथे 1876 पासून गाडी डोंगराला वेटोळं घालून आपल्याच अंगावरून जाते आणि जो बघायला जगभरातून लोक येतात, तो साधारण 45 फुटांना एक. म्हणजे आमचा घाट त्याहून उभा. वर पावसाळा असा, की रूळ चार महिने ओले.

या घाटातून बंदरावर उतरलेला कोळसा वर येतो, बळ्ळारी भागातल्या पोलाद कारखान्यांसाठी. तिथलं लोहखनिज एकेकाळी याच वाटेने खाली बंदराकडे जायचं. वर येणाऱ्या गाडीला पुढे इंजिनं असतात आणि मागेही, कधी सगळी मिळून पाच. मागच्यांना बँकर म्हणतात. त्यांचं काम ढकलायचं. सगळा भार पुढच्या इंजिनांवर टाकला तर मधलं जोडाचं लोखंड ताणून तुटेल, म्हणून अर्धी गाडी ओढायची, अर्धी ढकलायची. कॅसलरॉकच्या फलाटावर उभं राहिलं की आधी काहीच दिसत नाही, झाडीतून फक्त घरघर वर येते. मग पुढची इंजिनं येतात, माणूस चालेल इतक्या सावकाश. मग वाघिणीमागून वाघिणी. आता संपलं असं वाटतं, तेव्हा मागची इंजिनं दिसतात आणि फलाटाची फरशी पायाखाली थरथरते.

उतरणाऱ्या गाडीचं शास्त्र याच्या उलट. कॅसलरॉकला गाडी थांबते, ब्रेक तपासले जातात, मगच तिला घाटात सोडतात. खाली कॅच सायडिंग असतात. उतारावरून सुटलेली गाडी ज्यावर वळवावी असा हा चढाचा फाटा. वर चढता चढता तिचा वेग आपोआप मरतो. घाटाला माणसाच्या चुकीची सवय आहे आणि तिची सोयही त्याने करून ठेवली आहे.

कॅसलरॉक या नावाचंही एक भावंड पश्चिमेत आहे. कोलोरॅडोत डेन्व्हरच्या दक्षिणेला, किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या खडकाखाली वसलेलं गाव. तिथे डेन्व्हर अँड रिओ ग्रांदे रेल्वेचं 1875 मधलं दगडी स्टेशन आहे, आता त्यात संग्रहालय. त्या रेल्वेचे मूळचे रूळ तीन फुटांचे, म्हणजे 914 मिलिमीटर. आपल्या घाटातले जुने रूळ एक मीटरचे. डोंगरात अरुंद रूळ घातले की वळणं आखूड घेता येतात आणि खोदाई कमी लागते. दोन खंडांतल्या इंजिनिअरांनी जवळजवळ एकच उत्तर काढलं होतं.

आमचे मीटरचे रूळ 1990 च्या दशकात रुंद झाले. बाबांच्या पिढीला मिरजेत गाडी बदलण्याचा खटाटोप आठवतो. मोठी, मधली आणि छोटी अशा तिन्ही मापांच्या गाड्या त्या एका स्टेशनात यायच्या. त्या मीटर गेजवर शेवटी राबलं ते वायडीएम-4, अल्को कंपनीच्या नमुन्याचं इंजिन. त्याचं एक जवळचं नातेवाईक 1969 मध्ये अलास्कातल्या व्हाइट पास अँड युकॉन रेल्वेवर रुजू झालं. सोन्याच्या शोधात निघालेल्या लोकांसाठी 1898 मध्ये सुरू केलेली ही रेल्वे. एक भावंड बर्फात, दुसरं लोंढ्याजवळच्या गुंजीच्या जंगलात.

गेटवरचं ते दमेकरी इंजिनही अल्कोच्याच घराण्यातलं. ही कंपनी न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावची. युनियन पॅसिफिक रेल्वेची ‘बिग बॉय’ ही वाफेची राक्षसी इंजिनं याच कारखान्यातली. 1941 ते 1944 या काळात फक्त 25 झाली. त्यांतलं 4014 क्रमांकाचं इंजिन 2019 मध्ये पुन्हा धावतं केलं, अमेरिकेची दोन टोकं रुळांनी जोडली गेली त्याला दीडशे वर्षं झाली म्हणून. अल्कोने 1969 मध्ये इंजिनं करणं बंद केलं. वाराणसीत मात्र अल्कोच्या नमुन्याची इंजिनं पुढची चाळीसहून अधिक वर्षं बनत राहिली. माहेर मोडलं, पण सासरी वंश वाढला.

अशा गोष्टींचा नाद लागलेला माणूस शेवटी घरात रूळ घालतोच. मराठी मुलखात या नादाचं मोठं घर पुण्यात आहे. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 मध्ये लोकांसाठी उघडलं. सिग्नल, पूल, दोरवाट, सर्कस, रात्रीचे दिवे आणि त्यांमधून वेळ सांभाळत धावणाऱ्या गाड्या. पोरं काचेला नाक लावून बघतात आणि त्यांना घेऊन आलेले आजोबा त्यांच्याहून जास्त वेळ.

अमेरिकेत ही कला पुष्कळ पुढे गेलेली आहे. सॅन डिएगोच्या संग्रहालयात तेहाचापीचं वेटोळंच बांधून ठेवलं आहे. सर्वांत रुळलेलं माप एकास सत्त्याऐंशी. त्या मापाने आमचा घाट करायचा तर रूळ लागतील जवळजवळ तीनशे मीटर. म्हणून निवडावं लागतं. दूधसागरचा पूल ठेवायचा, एक बोगदा ठेवायचा, मधले डोंगर गिळायचे. चढ मात्र खरा ठेवता येतो. दर मीटरला 27 मिलिमीटर उचललं की झाला ब्रागांझा. आणि गंमत अशी की खेळण्यातलं इंजिनही तिथे घसरतं. त्यालाही मागून बँकर द्यावा लागतो.

डोंगर कसे करतात, हे वाचून मला हसू आलं. जाळीचा सांगाडा, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेलं कापड, वर रंग, वर हिरवळ. बेळगावात हे कुठल्या पोराला शिकवावं लागतं? दिवाळीत गल्लोगल्ली किल्ले होतात. विटा रचायच्या, गोणपाट चिखलात बुडवून वर पसरायचं, मोहरी पेरायची, चार दिवसांत डोंगर हिरवा. आम्ही त्यावर मावळे ठेवायचो. रूळ ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, एवढाच फरक.

तर माळ्यावर एक फळी आहे. तिच्यावर गोणपाटाचा घाट आहे. अडचण एकच होती, हुबळीचं इंजिन त्या मापात मिळणं. आणि आपल्या रुंद रुळांना त्या मापात 19 मिलिमीटरहून थोडी जास्त रुंदी हवी. बाजारात मिळतात ते साडेसोळाचे, अमेरिकी आणि युरोपी मापाला बसणारे. मी बराच काळ अडून राहिलो. मग जपानी काटो कंपनीचं एसडी-70मॅक घेतलं. हिरवं आणि दुधी, अंगावर बर्लिंग्टन नॉर्दर्नची अक्षरं. परक्याचं इंजिन आपल्या घाटात घातलं, असं पहिले काही दिवस वाटलं. मग हिशेब लक्षात आला. त्याचं भावंड खऱ्या घाटात राबतच होतं.

आता त्या भावंडाचे दिवसही भरत आले आहेत. पुणे-हुबळी वंदे भारत 2024 पासून बेळगावावरून जाते, विजेच्या तारेखालून. तिसऱ्या गेटवर पूल झाला. कंग्राळीत रात्री वारा पूर्वेचा असला की भोंगा अजून ऐकू येतो, पण त्याच्यामागची घरघर दरवेळी असेलच असं नाही.

परवा शेजारचं पोर वर आलं. गाडी सोडली. इंजिन चढाला लागलं, पुलावर आलं, बोगद्यात शिरलं. त्याची बोटं हलताना दिसली.

“काका, सातच?”

“फळी तेवढीच आहे.”

“खऱ्याला किती असतात?”

मी सांगितलं. ते गाडी पुन्हा बोगद्यातून बाहेर येईपर्यंत थांबलं आणि पहिली वाघीण दिसताच म्हणालं, “आठ.”