विश्लेषण : कराटेची शैली ‘पारंपरिक’ कशामुळे ठरते?

टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली कराटेने पदार्पण केले. ओकिनावाच्या ऱ्यो कियुनाने ‘काता’ प्रकारात सुवर्ण जिंकले. मात्र २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कराटे नव्हते. पदकांपलीकडे या कलेत टिकून राहण्यासारखे काय आहे? कराटेची जन्मभूमी ओकिनावा याचे उत्तर ‘पारंपरिक कराटे’ असे देते.

पारंपरिक म्हणजे सर्वांत जुने का?
नाही. गोजू-ऱ्यू, शोरिन-ऱ्यू आणि उएची-ऱ्यू या प्रमुख शैलींची नावे विसाव्या शतकातली आहेत. पांढरा गणवेश आणि ब्लॅक बेल्टची पद्धत तर ज्युदोतून आली.

मग निकष कोणता?
पहिला, गुरुपरंपरा. गोजू-ऱ्यूचे संस्थापक चोजून मियागी हे कानऱ्यो हिगाओन्ना यांचे शिष्य. हिगाओन्ना यांनी चीनमधील फुझौ येथे शिक्षण घेतले होते.

दुसरा, काता. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली. त्यातील प्रत्येक हालचालीचा स्वसंरक्षणासाठी उपयोग काय, हे उलगडून दाखवण्याला ‘बुंकाई’ म्हणतात. स्पर्धेत पंचांच्या नजरेत भरणारी सफाई महत्त्वाची. इथे हालचालीमागचा अर्थ.

तिसरा, जुन्या साधनांवरचा सराव. दांड्याला वजन जोडलेली ‘चिशी’, बोटांच्या पकडीत उचलायचे मडके आणि ठोसे मारण्यासाठी रोवलेला ‘माकिवारा’ हा खांब.

परंपरेत बदल चालतो का?
चालतो, आणि तो गुरूंनीच केला. आंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे शाळांमध्ये नेले आणि मुलांसाठी सोप्या ‘पिनान’ काता रचल्या. ‘कराटे’ हा शब्द पूर्वी ‘चिनी हात’ अशा अर्थाच्या चिन्हांनी लिहिला जाई. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहा शहरातील बैठकीत ज्येष्ठ गुरूंनी ‘रिकामा हात’ या अर्थाची चिन्हे स्वीकारली. तीच तारीख २००५ पासून ओकिनावात ‘कराटे दिन’ म्हणून पाळली जाते.

क्लास कसा ओळखायचा?
त्यामुळे पाटीवरच्या ‘पारंपरिक’ या शब्दावर जाऊ नका. तुमचे गुरू कोण, आणि कातातली ही हालचाल कशासाठी, हे दोन प्रश्न विचारा. दुसऱ्याचे उत्तर शिक्षकाने समोर उभे राहून करून दाखवले, तर परंपरा तिथे जिवंत आहे.