जायकवाडीचे पाणी आणि नियामकाची कसोटी

नाथसागर पुरेसा भरला नाही की ऑक्टोबर उजाडताच गोदावरी खोऱ्यात जुना वाद पेटतो : वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचे की नाही? हा निवाडा मंत्र्यांच्या दालनात न होता नियमाने व्हावा, ही २००५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडून अपेक्षा. ठोक पाण्याचे दर ठरविणे हे त्याचे दुसरे काम. पण खरी कसोटी वाटपातच लागते.

दारणा धरण १९१६ चे, भंडारदरा १९२६ चे, तर जायकवाडी १९७६ चे. त्यामुळे पाटपाण्यावर आमचा हक्क आधीचा, हा नाशिक-नगरच्या बागायतदारांचा व साखर कारखान्यांचा युक्तिवाद. खाली छत्रपती संभाजीनगरची तहान आणि वाळूजची उद्योगवसाहत. ‘आमचे पाणी बीअरला जाते’ हा वरच्यांचा टोमणाही अगदीच निराधार नव्हे. २०१६ च्या दुष्काळात मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला होता.

१९ सप्टेंबर २०१४ रोजी प्राधिकरणाने मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे रेषा आखली. खरीप वापर धरून जायकवाडीचा उपयुक्त साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरून पाणी सोडायचे. मराठवाडा जनता विकास परिषदेसह अनेकांच्या याचिकांवर निकाल देताना २०१६ मध्ये उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले.

मात्र नियम झाला म्हणून दबाव ओसरत नाही. तो दुसऱ्या दारी जातो. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी पाटबंधारे महामंडळाने ८.६०३ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश काढला. मधल्या काळात न्यायालयांत धावाधाव झाली आणि पाणी प्रत्यक्ष सुटले ते तीन आठवडे उलटल्यावर. विविध क्षेत्रांत पाणी वाटून देण्याचा अधिकार तर २०११ च्या दुरुस्तीने प्राधिकरणाकडून मंत्रिमंडळाकडे गेलाच होता.

पुढे मांदाडे समितीने ही मर्यादा ६५ वरून ५८ टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली आणि २०२५ मध्ये प्राधिकरणाने तीवर हरकती मागविल्या. आकडा किरकोळ वाटतो. पण जायकवाडीची उपयुक्त क्षमता ७६.६५ टीएमसी, तिचे सात टक्के म्हणजे सुमारे ५.४ टीएमसी. असा हिशेब मांडायला कारखान्यांकडे अभियंते व वकील असतात. नळाला कैक दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरवासीयाकडे ते नसतात. वीज कायद्याच्या ९४ व्या कलमाने आयोगाला ग्राहकांचा प्रतिनिधी नेमता येतो. पुण्याची ‘प्रयास’ आणि मुंबई ग्राहक पंचायत यांनी वीजदराच्या सुनावण्यांत ते काम केले आहे. पाण्याच्या सुनावणीत शहरवासीयाची हरकत मात्र ज्याने त्याने, किंवा एखाद्या परिषदेने, स्वतःच लिहून द्यायची असते, तीही मुदतीत.