बाप्तिस्म्याने साडी बदलत नाही

देगलूर तालुक्याला तेलंगण आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांची सीमा लागते. बाजारात मराठीसोबत तेलुगू, कन्नडही सहज कानावर पडते. इतकी सरमिसळ पचवलेल्या या भागातही ‘ख्रिस्ती झाला म्हणजे पेहराव विलायती’ हा समज काही सुटत नाही.

उपासनेला अमुकच कपडे घाला, असं बायबल सांगत नाही. प्रार्थनेच्या वेळी स्त्रियांनी मस्तक झाकावं, असं पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात मात्र आहे. कॅथलिकांच्या १९१७ च्या धर्मसंहितेत तसा नियमही होता. १९८३ च्या संहितेत तो उरला नाही. आपल्याकडे बायका प्रार्थनेला पदर डोक्यावर घेतात, आणि वसईच्या कुपारी समाजातल्या ख्रिस्ती बायका लाल लुगड्यातच मिस्साला जात आल्या.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये, वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही त्या शाकाहारी राहिल्या, साडी सोडली नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत, यासाठी त्या तिथल्या मठातल्या भगिनींशी भांडल्या! मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. नावही बदलावं लागत नाही: १८९५ साली बाप्तिस्मा घेऊनही नारायण वामन टिळक हे टिळकच राहिले.

‘डोक्यावर पाणी पडलं की स्वर्ग पक्का’ हेही अर्धवट ऐकलेलं. कॅथलिक आणि मेथडिस्ट तान्ह्या बाळांनाही बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल मंडळी जाणत्या वयात, स्वतः विश्वास कबूल केल्यावर, पूर्ण बुडवून. मुक्तिफौज (सॅल्व्हेशन आर्मी) हा ख्रिस्ती पंथ तर बाप्तिस्मा देतच नाही. १८८२ साली मुंबईत उतरलेल्या या फौजेच्या फ्रेडरिक टकर यांनी देशी वेश धारण केला, पुढे ते फकिरासारखे अनवाणी हिंडले. अहमदनगरचं बूथ हॉस्पिटल याच मंडळींचं. त्यांना ख्रिस्ती नाही म्हणणार कोण?

फरक पडतो तो कायद्यात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरताच होता; १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेल्या दलिताचा मात्र तो दर्जा जातो. अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट नाही. बाप्तिस्म्याने गावातली जात पुसली जात नाही, सवलत तेवढी जाते. हा उघड अन्याय आहे.