आज्जीचं सोनं, बाबांची एफडी आणि आपलं ॲप

घरात पैशाचा विषय निघाला की काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आज्जी म्हणते, ‘गुजरीत जा, तोळाभर सोनं करून ठेव.’ बाबा म्हणतात, ‘एफडी बरी.’ आणि आपण मोबाइल पुढे करून एसआयपीचा ग्राफ दाखवत असतो. शेवटी ‘तुम्हाला यातलं काही कळत नाही’ हे वाक्य कुणीतरी कुणालातरी ऐकवतंच.

पण कळण्याचा प्रश्नच नसतो बऱ्याचदा. ज्यानं जे भोगलं, तेच त्याचं पैशाचं शहाणपण होऊन बसतं.

आपल्या जिल्ह्याचंच बघा. कारखान्याला ऊस घातल्यावर 14 दिवसांत एफआरपी द्यावी, असा कायदा आहे. तरी त्यासाठी होणारी आंदोलनं आपण लहानपणापासून बघतोय. दुधाचं बिल मात्र दर दहा दिवसांनी. लांबलेल्या ऊसबिलाची वाट बघितलेला बाप हातात रोकड असल्याशिवाय निवांत झोपत नाही. दुधाच्या बिलावर घर चालवलेली आई ‘थोडं थोडं, पण नियमित’ यावरच विश्वास ठेवते.

8 नोव्हेंबर 2016 आठवतोय? आपण शाळेत होतो. 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्या आणि तांदळाच्या डब्यातले आईचे पैसे सगळ्यांसमोर बाहेर आले. 14 नोव्हेंबरला जिल्हा बँकांनाही जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. खेड्यातल्या कित्येकांचं खातं नेमकं तिथंच! त्या दिवसांतून एकजण ‘घरात रोख ठेवायची नाही’ हे शिकला, तर दुसरा ‘बँकेच्या भरवशावर राहायचं नाही’ हे. घटना एकच, धडे दोन.

मग 2019 आणि 2021 चे महापूर. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. दोन्ही वर्षी पाणी 50 फुटांच्या वर गेलं. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या लोकांना विचारा. टीव्ही, फ्रिज, सोफा पाण्यात राहतो. सोनं तेवढं पदरात बांधून बाहेर पडता येतं. आता आज्जीचं म्हणणं जुनाट वाटतंय?

हे फक्त कोल्हापूरचं नाही. उलरिके माल्मेंडियर आणि स्टेफान नागेल या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या कुटुंबांची अनेक दशकांची माहिती तपासली. 2011 मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी आयुष्यात शेअर बाजाराचा वाईट काळ जास्त पाहिला, ते पुढेही बाजारात कमी पैसे घालतात, असं त्यात दिसलं.

आता आपली पाळी. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्क्यांहून जास्त कोसळला. आपल्यापैकी बहुतेकांची डीमॅट खाती त्यानंतरची. म्हणजे ‘पडला तरी उठतोच’ एवढाच बाजार आपण पाहिलाय. तोही अनुभवच, पण चार-पाच वर्षांचा. त्याच जोरावर ऑप्शन्समध्ये उतरणारे मित्र तुमच्याही ग्रुपमध्ये असतील. सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये आकडे दिले: मागच्या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या 100 पैकी 93 जणांना तोटा झाला. आणि 2023-24 मध्ये अशा ट्रेडर्सपैकी 43 टक्के तिशीच्या आतले होते.

म्हणून घरच्यांचं सगळं ऐकायचं का? तर नाही. त्यांचीही भीती तपासून बघायला हवी. उदाहरणार्थ, बँकेतल्या ठेवीला 2020 पासून 5 लाखांपर्यंत विमा आहे, आधी तो 1 लाख होता. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र तो नाही. हे बाबांना माहीत आहे का, विचारा.

आणि पुढच्या वेळी वाद सुरू झाला की ग्राफ दाखवायच्या आधी एवढंच विचारा, ‘तुमचे पैसे कधी अडकले होते? तेव्हा काय केलंत?’ उत्तर ऐका. मग मोबाइल काढा.